शनिवारची गिनती

आमच्या घरात याद्यांची सवय आण्णांनी आणली. आण्णा म्हणजे माझे वडील. ते फौजेत हवालदार होते आणि वर्षातून एकदा दोन महिन्यांच्या सुट्टीवर यायचे. येताना काळी पत्र्याची ट्रंक असायची आणि तिच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला असायचा. मोजे किती जोड, साबण किती, सुईदोरा, बुटांचं पॉलिश, सगळं एकाखाली एक. ट्रंक उघडली की आधी कागद वाचायचा आणि मग हात घालायचा, असा त्यांचा नियम होता. आई म्हणायची, "ह्यांला पैजाम्याची नाडी बी यादीत लागती." मला मात्र तो कागद फार आवडायचा. सहावीत असतानाच मी स्वतःच्या कामांची यादी करायला लागले. पाणी भरणे, शेळीला पाला, पाढे, दिव्याची काच पुसणे. काम झालं की पुढे बरोबरची खूण. ती खूण करताना जे समाधान व्हायचं ते मला आजही होतं. मिरजेच्या एका दवाखान्यात मी सामानाचं भांडार सांभाळते. तिथे म्हणतात की बाईंच्या वहीत असेल तर वस्तू आहे, नसेल तर नाही. हे कौतुकानेच म्हणतात. मी ते ऐकून घेते आणि विषय बदलते.

आमचं गाव कोरेगावपासून सहा किलोमीटरवर. गावात शाळा सातवीपर्यंत. पुढे शिकायचं तर कोरेगावला जायचं आणि एसटी वरच्या गावातूनच भरून यायची, ती आमच्या फाट्यावर थांबली तर थांबली. मुलं लटकून जायची. मुलींना लटकता येत नव्हतं, म्हणून मुली सातवीनंतर घरी बसायच्या. माझी सातवी झाली त्या उन्हाळ्यात आण्णा सुट्टीवर होते. त्यांनी साताऱ्याहून माझ्यासाठी लेडीज सायकल आणली, हिरवी, पुढे जाळीची टोपली असलेली. आईने तिला हळदकुंकू लावलं आणि मग त्यांच्याशी भांडायला बसली.

"सडकंला उसाचं ट्रॅक्टर असत्यात. पोरीची जात. कवा पोचली, कवा निघाली, मला काय कळणार हाय?"

"एकटी कशाला जाईल?" आण्णा म्हणाले. "आणखी पोरी हायेत की. टोळी करू."

त्या आठवड्यात आमच्या ओट्यावर पाच आया जमल्या. आण्णा खांबाला टेकून उभे राहिले आणि त्यांनी बायकांना फौजेतली गिनती समजावून सांगितली. फौजेत रोज माणसं मोजतात. जितकी बाहेर गेली तितकी आत आली पाहिजेत. तसंच इथे करायचं. सकाळी डेअरीच्या कट्ट्यापाशी पाच मुली मोजायच्या, परत आल्या की तिथेच पाच मोजायच्या. जायचं सडकेनेच, एकीमागे एक, आणि एकीने थांबायचं तर दुसरीने तिच्याबरोबर थांबायचं. कुणीही एकटीने यायचं नाही. हे सगळं एका वहीत लिहायचं आणि दर शनिवारी संध्याकाळी ती वही आयांना वाचून दाखवायची.

"आन् वही कोण लिवणार?" एकीने विचारलं.

आण्णांनी माझ्याकडे बोट केलं. "ही आमची हवालदार. गिनती बराबर असली की तुमी झोपा निवांत."

त्या पाचजणींपैकी एकीलाही धड वाचता येत नव्हतं. म्हणून की काय, त्यांना वहीचा फार भरवसा वाटला. मुलीच्या शब्दापेक्षा जास्त. आण्णांची योजना चांगली होती हे मी अजूनही म्हणते. तिच्यामुळे आमच्या गावातून पहिल्यांदा पाच मुली आठवीत गेल्या. दोष योजनेत नव्हता.

वहीत मी रेघा मारून रकाने केले. नाव, निघाल्याची वेळ, आल्याची वेळ, रस्ता, शेरा. रस्त्याच्या रकान्यात रोज 'सडक' एवढंच लिहायचं असे, तरी मी ते पाचदा लिहायचे. शेऱ्यात काहीबाही लिहायचे: 'दप्तर पडले', 'घंटी बंद', 'हसत होत्या'. मुली मला हवालदारीण म्हणायच्या. रंजी तर चालत्या सायकलवरून मागे वळून ओरडायची, "ए हवालदारीण, लिव की, रंजीला शिंक आली. दोन येळा."

रंजी म्हणजे रंजना. तिचं घर गावाच्या वरच्या अंगाला, मेंढरांच्या वाड्याला लागून. तिचे वडील, तात्या, दिवाळी झाली की मेंढरं घेऊन खाली उतरायचे ते पावसाच्या तोंडाला परत यायचे. तोवर घरात चुलत्याचा शब्द चालायचा. चुलत्याला रंजीचं शिकणं पसंत नव्हतं, पण तात्यांनी जायच्या आधी जुनी सायकल घेऊन दिली होती आणि सांगितलं होतं की पोरगी वहीत हाय तवर शाळंला जाऊ द्या. म्हणजे माझ्या वहीत. हे रंजीनेच मला हसत हसत सांगितलं होतं. तिची सायकल मूळची कुठल्या रंगाची होती ते कळत नसे. चेन उतरायची, पण ती खाली न बघता काडीने चेन चढवायची आणि आम्ही पॅडलवर पाय ठेवायच्या आत पुढे निघालेली असायची. गणितात ती माझ्यापेक्षा बरी होती. हे मी तेव्हा कुणाजवळ बोलले नव्हते.

त्या सकाळी मला अजून आवाजांतून आठवतात. आईच्या भाकरीची थापथाप, डेअरीत कॅनचा खणखणाट आणि पाच घंट्या. डब्यात भाकरी आणि घेवड्याची उसळ, कोरडी केलेली, कारण पातळ असली की टोपलीत सांडायची. रंजीच्या डब्यात बाजरीची भाकरी आणि लसणीचा ठेचा. ती माझी उसळ खायची आणि मी तिचा ठेचा खाऊन दिवसभर पाणी पीत राहायचे. गावाबाहेरच्या उतारावर पाय सोडून द्यायचे, ओढणी कमरेला घट्ट बांधलेली, वारा कानात. त्या उतारावर आम्ही कुणाच्याच नसायचो. घर मागे, शाळा पुढे, आणि मधे सहा किलोमीटर आमचे. माझ्या आईला सबंध आयुष्यात असे सहा किलोमीटर मिळाले नव्हते.

आम्ही नववीत असतानाची ही गोष्ट. थंडी संपत आली होती आणि उसाचा हंगाम जोरात होता. शनिवारची सकाळची शाळा साडेअकराला सुटायची. त्या दिवशी बाईंनी मला हजेरीपट आखायला थांबवून घेतलं. बाकीच्या तिघी निघाल्या. नियमाप्रमाणे माझ्यासाठी कुणीतरी थांबायला हवं होतं, म्हणून रंजी थांबली. अर्धा तास ती सायकलींपाशी बसून राहिली. मी बाहेर आले तेव्हा मला घाई झाली होती. आपल्याच गिनतीला आपण उशिरा पोहोचणार हे मला सहन होत नव्हतं. मी डोक्यात हिशेब केला. सडकेने सहा किलोमीटर, कॅनॉलच्या कडेने साडेचार.

"कॅनॉलनं जाऊ," मी म्हणाले.

रंजी माझ्याकडे बघत राहिली. "तू म्हंतीस हे?"

"कुणाला कळणार हाय? तिघींच्या मागोमाग पोचू."

"मला काय न्हाई. तुझीच वही हाय."

कॅनॉलचा रस्ता म्हणजे मातीची पायवाट. एका बाजूला भरून वाहणारं पाणी, दुसऱ्या बाजूला ऊस. आयांना त्या रस्त्याची भीती वाटायची ती पाण्याची आणि त्याहून जास्त उसाची. आम्हाला त्या दिवशी कशाचीच भीती वाटली नाही. रंजीने हात सोडून सायकल चालवली. मी पहिल्यांदाच हात सोडून बघितला, एकच. पुढे एका शेताच्या बांधावर हरभऱ्याचे डहाळे ठेवलेले होते. दोन उचलले आणि पाण्यात पाय सोडून खाल्ले. खारट आंबट चव बोटांना राहिली होती. घाई कुठे गेली कुणास ठाऊक. इतकी वर्षं झाली, पण कुणी सुखाबद्दल बोललं की मला ती जागा आठवते आणि लगेच संध्याकाळ आठवते. दोन्ही वेगळ्या करता येत नाहीत.

गाव दिसायला लागल्यावर माझं डोकं पुन्हा चालायला लागलं. कॅनॉलच्या बाजूने गावात शिरलो तर सगळ्यांना दिसणार. मी रंजीला म्हटलं, दोघी एकदम उसातून निघताना कुणाला दिसायला नको, मी उसातल्या गाडीवाटेने सडकेला लागते आणि तिकडून येते, तू थोड्या वेळाने तशीच ये. ती म्हणाली, "मला तहान लागलीया. तू हो म्होरं." मी सडकेवरून गावात आले, डेअरीपाशी उतरले, घंटी वाजवली. रंजी गाडीवाटेने आलीच नाही. चेन उतरली, ती चढवली आणि कंटाळून सरळ कॅनॉलने घरी गेली. पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याने तिला पाहिलं. मला पाहिलं नव्हतं.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे ओट्यावर आया जमल्या. आण्णा तेव्हा सीमेवर कुठेतरी होते. मी वही घेऊन बसले होते, पण शनिवारच्या ओळी अजून भरल्या नव्हत्या, कारण काय लिहायचं ते ठरलं नव्हतं. इतक्यात रंजीचा चुलता आला. त्याच्यामागे रंजी होती. तो ओट्यावर चढला नाही, पायरीपाशी उभा राहिला.

"आमची पोरगी आज कॅनॉलवर दिसली पाटकऱ्याला. एकलीच हुती म्हंतो. काय भानगड हाय? वहीत काय लिवलंय?"

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी वहीवर वाकले. त्यांना वाटलं मी ओळ शोधतेय. मी लिहीत होते. सुलभा, म्हणजे मी, सडक. रंजना, कॅनॉल. मग शेऱ्याचा रकाना आला आणि मी तिथे लिहिलं, 'एकटी'. ते मोठ्याने वाचून दाखवलं. आवाज स्पष्ट होता. वाचनात मला नेहमी चांगले गुण मिळायचे.

"तू कुठं हुतीस मग?" आईने मला विचारलं.

"मी सडकेनं आले. ती मागं राहिली."

चुलता रंजीकडे वळला. "व्हय?"

रंजीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. गणिताचा फळा वाचताना ती डोळे बारीक करायची तसं. मग म्हणाली, "व्हय."

एका आईने तोंडाला पदर लावला. दुसरी म्हणाली, "अगं बया, उसातनं एकली. काय झालं असतं म्हंजी?" तिसरी आपल्या मुलीला जवळ ओढून बसली. सडकेने मीही एकटीच आले होते, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. चुलता एवढंच म्हणाला की, शिकली तेवढं लय झालं. तो पुढे आणि रंजी मागे, अशी दोघं निघून गेली.

रात्रीचं जेवण आम्ही दिवेलागणीलाच उरकायचो. मी ताटावर बसले होते आणि आई माझ्याजवळ येऊन बसली. माझ्या सलवारीच्या दोन्ही पायांच्या कडेला कुसळं चिकटली होती. कॅनॉलच्या काठच्या गवताची. सडकेला तसलं गवत नव्हतं. आईने एकेक कुसळ नखाने काढलं, तळहातावर गोळा केलं आणि उठून चुलीत टाकलं. मग म्हणाली, "जेव." त्यानंतर तिने तो विषय कधी काढला नाही. मीही नाही. ती जाऊन आता सात वर्षं झाली. शेवटच्या आजारपणात मी पंधरा दिवस तिच्या उशाशी होते, औषधांच्या वेळा लिहीत. तेव्हाही नाही.

मी लहान होते असं म्हणता येईल. नवऱ्याला मी एकदा हे अर्धवट सांगितलं तेव्हा तो तेच म्हणाला. पण त्याच वयात मी आईला रेशनच्या पावत्या तपासून देत होते, डेअरीवाल्याची बेरीज चुकली तर दाखवून देत होते. खरं-खोटं मला कळत नव्हतं असं नाही. मला भीती वाटली होती ती मार खायची नाही. माझी वही जाईल, मला हवालदार म्हणणार नाहीत, याची भीती वाटली होती.

सोमवारी डेअरीपाशी चौघी मोजल्या. त्या आठवड्यात रंजी येईल असं मला रोज वाटायचं, म्हणजे काहीतरी आपोआप होईल असं. तिच्या घरी जायला पाच मिनिटं लागायची. मी गेले नाही. पुढच्या आठवड्यात तिची सायकल दिसली. चुलत्याने कॅरेजला दोन्ही बाजूंनी दुधाच्या कॅन अडकवल्या होत्या आणि तो ती ढकलत डेअरीला येत होता. पुढे दहावी होईपर्यंत ती सायकल रोज सकाळी आमच्या शेजारी उभी राहायची आणि आम्ही निघायचो. तात्या पावसाच्या तोंडाला परत आले तेव्हा रंजीचं लग्न ठरवायचं बोलणं चालू झालं होतं. आण्णांना मी पत्रात लिहिलं, 'गिनती चार झाली आहे, रंजनाने शाळा सोडली.' त्यांचं उत्तर आलं की, बाकीच्या तिघींची काळजी घे.

हे सगळं आता लिहायला घेतलं ते माझ्या मुलीमुळे. आम्ही सांगलीत विश्रामबागेच्या बाजूला राहतो. सई आठवीत आहे आणि जूनपासून तिला सायकलने शाळेत जायचं होतं. मी आठवडाभर वेळ घेतला. रस्ता दोनदा स्वतः फिरून बघितला, चौक मोजले, कुठे ट्रक वळतात ते लिहून ठेवलं. मग परवानगी दिली, पण दप्तरात फोन आणि फोनवर ती कुठे आहे ते मला दिसणार, या अटीवर. दवाखान्यात सलाइनच्या खोक्यांमधे उभी राहून मी तो निळा ठिपका बघते. दिवाळीनंतर एकदा तो ठिपका भलत्याच रस्त्याला गेला, नदीच्या बाजूला, आणि तिथे वीस मिनिटं थांबला. संध्याकाळी मी प्रश्न तयार ठेवले होते. पहिला विचारायच्या आतच ती म्हणाली, "घाटावर गेलो होतो. मी आणि अनुजा. मीच तिला म्हटलं चल म्हणून. तिच्या आईला फोन करायचा असेल तर हेही सांग की आयडिया माझी होती."

मी तिला रागावले नाही. जेवायला वाढलं. मी तिच्या वाटीत दोनदा आमटी वाढली तेव्हा ती म्हणाली, "आई, एवढं काय झालं? सांगितलं ना मी खरं." मी म्हटलं, हो, सांगितलंस.

दुसऱ्या दिवशी मी गावाकडे फोन करून रंजीचा पत्ता मिळवला. ती शिरवळला असते. नवरा तिथल्या एका कंपनीत आहे आणि ती कामगारांना डबे करून देते. रविवारी मी सकाळच्या एसटीने निघाले. चार तासांत काय काय बोलायचं ते मनात लावत होते. मुद्दे पाच झाले होते.

तिने दार उघडलं आणि मला लगेच ओळखलं. "हवालदारीण," ती म्हणाली. केस पांढरे झाले होते आणि अंग भरलं होतं. चालणं तेच होतं, अर्धं पाऊल पुढे. स्वयंपाकघरात तिच्या दोन मुली डबे भरत होत्या आणि फोडणीचा वास सगळ्या घरात होता. चहा झाला, गावच्या माणसांच्या चौकशा झाल्या. मग मी ते बोलले. मुद्द्यांचा क्रम राहिला नाही. एवढंच म्हणाले की त्या शनिवारी मी वहीत खोटं लिहिलं.

रंजी गवार मोडत होती. ती मोडतच राहिली. "लय दिसांनी आठवलं तुला," ती म्हणाली.

"रोज आठवतं."

"मग रोज का न्हाई आलीस?"

मी ताटलीतली एक गवार उचलून मोडायला घेतली.

"मी आठ दिस वाट बघितली," ती म्हणाली. "म्हनलं, सुली येईल, चुलत्याला सांगंल. मी सांगून उपेग नव्हता. माझं कुणी ऐकलं नसतं, वहीत लिवलेलं हुतं. तू सांगितलं असतंस तर ऐकलं असतं. नवव्या दिशी चुलत्यानं सायकलला कॅन बांधल्या. मग म्हनलं, झालं."

"आता कुणाला सांगू, रंजे? तात्या नाहीत, चुलते नाहीत. माझी आईही गेली."

तिने गवारीची ताटली बाजूला सारली आणि स्वयंपाकघराकडे पाहिलं. थोरली मुलगी कंपनीत कामाला होती, धाकटी कॉलेजात. थोरलीची स्कूटर दारातच उभी होती.

"माझ्या पोरींस्नी वाटतं मला शाळा आवडत नव्हती," ती म्हणाली. "मीच सांगितलंय तसं. अभ्यास केला न्हाई की म्हंतात, तू कुठं गं शिकलीस, तुलाच कटाळा हुता. मी गप बसती." मग तिने तिथूनच हाक मारली. "ए पोरींनो, इकडं या. ह्या मावशीला कायतरी सांगायचंय."

दोघी हात पुसत बाहेर आल्या आणि भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. त्या पाहुण्यांशी बोलायला आल्यासारख्या हसत होत्या. रंजीने पुन्हा गवार पुढे ओढली. ती माझ्याकडे बघत नव्हती.

"तुमची आई त्या दिवशी एकटी नव्हती," मी म्हणाले. "मी होते बरोबर. त्या रस्त्याने जाऊ असं मीच म्हणाले होते."

थोरलीने आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कोणत्या दिवशी, मावशी?"

मग मी खाली बसले आणि पहिल्यापासून सांगायला लागले.